एका घरात एकच चूल

त्या सकाळी आम्ही दोघं अंगणात माती मळत होतो. म्हणजे मी पायाने तुडवत होतो आणि ती ओट्यावर बसून हुकूम सोडत होती. नाल्याकाठची चिकणमाती, घोड्याची लीद आणि गव्हाचा भुसा. चुलीला अशीच माती लागते आणि ती हाताने मळून भागत नाही, पाय लागतात. तिचे गुडघे गेल्यापासून पाय माझे.

"पानी कमी वता," ती म्हणाली. "चुल्हा करनं शे का म्हशीसले बसाले डबरं?"

"मंग तूच वत. मना काम फक्त पाय हालाडानं."

"बठ्ठा जनम तेच तर करं तुम्हीन."

असं म्हणून पदर तोंडाशी नेऊन हसली. मिसरीने दात काळे पडलेले, ते दिसू नयेत म्हणून ती कायम पदराआड हसायची. मग खाली उतरली, मूठभर माती दाबून पाहिली, मला बाजूला सारलं, ढीग गोळा करून दोन्ही हातांनी थोपटला आणि वर ओलं गोणपाट टाकलं. "रातभर मुरू द्या. सकाय कमलकडे जानं शे," म्हणाली. कमल म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी कमलबाई. तिच्याच घरची चूल घालायची राहिली होती. मग आम्ही चहा घेतला. मी कपात, तिने बशीत.

एवढंच. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. एरंडोलहून डॉक्टर आला, म्हणाला हृदय बंद पडलं. संध्याकाळी आम्ही तिला नेऊन आलो.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. कापूस लावणं आणि वेचणं यापलीकडे मला काही येत नाही. लिहायला बसलो ते एका फोटोसाठी. माझ्या बायकोचा फोटो परदेशातल्या एका कंपनीच्या पानावर लावलेला आहे. इंटरनेटवर कोणालाही दिसतो. त्याखाली तिच्याबद्दल जे छापलंय ते सगळं खोटं आहे. नावसुद्धा खोटं. काढा, काढा म्हणून सांगून ती थकली आणि मेली, तरी तो फोटो आहेच. म्हणून ती खरी कशी होती ते कुठेतरी असावं, एवढ्यासाठी हे लिहितो.

नाव द्वारकाबाई. माहेर साक्रीकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. गाव तिला अक्का म्हणायचं, तिच्यापेक्षा मोठ्या बायकासुद्धा. मी द्वारके म्हणायचो. आम्हाला मूलबाळ झालं नाही. सुरुवातीला लोक बोलायचे, नंतर विसरले, आम्हीही बोलायचं सोडून दिलं.

तिची एक खोड होती. घरात काडेपेटी असायची, तरी ती सकाळी डब्याचं झाकण घेऊन शेजारी विस्तव मागायला जायची. एक निखारा आणायला घटकाभर लागायचा. कोणाची गाय व्यायली, कोणाची सून रुसली, कोणाच्या घरी पाहुणे आले, सगळं त्या निखाऱ्याबरोबर यायचं. मी म्हणायचो, "अगं, एक काडी ओढ ना." ती म्हणायची, "काडी काय बोलस?" आणि कोणाच्याही घरी गेली की माणसांकडे बघायच्या आधी चुलीकडे बघायची. राख भरली असेल तर न विचारता काढायला बसायची. घरची सून ओशाळून जायची.

दुसरी गोष्ट म्हणजे तिचा एक शब्द. कोणी कानाशी लागून काही सांगायला लागलं, हे असं करू, गुपचूप करू, तर ती मोठ्याने म्हणायची, "आपन काय चोर शेतस का?" इतक्या मोठ्याने की चार घरं ऐकू जायचं. या एका वाक्यामुळे आमचे बरेच नातेवाईक दुखावले. पण त्याच वाक्यामुळे तिने सांगितलं की गावातल्या बायका ऐकायच्या. अक्का म्हणाली म्हणजे झालं.

आणि हेच त्या लोकांनी बरोबर हेरलं.

ते पहिल्यांदा आले तेव्हा झाडं घेऊन आले होते. बांधावर झाडं लावा, आम्ही फुकट देतो, झाडं हवा साफ करतात, त्याचे पैसे परदेशातून येतात. लावली. उन्हाळ्यात कापसाला पाणी नाही तिथे बांधावरच्या काडीला कोण घालणार? सगळी वाळली. पुढच्या वर्षी माणूस झाडं मोजायला आला, मोबाईल घेऊन. दोन-तीन जणांनी त्याला खूश करायला लिंबाच्या ओल्या फांद्या रोवून ठेवल्या. तो त्यांचाही फोटो काढत निघाला. आमच्या बांधावर आला तेव्हा अक्काने वाळलेली काडी उपटली आणि त्याच्या हातात दिली. "ली जा. तुनी शे." तो म्हणाला, राहू द्या बाई, रोवलेलीच बरी. आणि काडी परत खोचून त्याने फोटो काढला. ती त्यावर महिनाभर हसत होती. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की हे लोक मेलेलं झाडसुद्धा विकतात.

मग चुली आल्या.

या वेळी आला तो माणूस बिनबाह्यांच्या जॅकेटातला, गोड बोलणारा. त्याला आम्ही जॅकेटवालाच म्हणायचो. उन्हाळ्यातसुद्धा ते जॅकेट अंगावर. त्याने ओट्यावर बसून मला समजावलं. तिकडे विमानं उडतात, कारखाने चालतात, त्याचा धूर होतो. त्यांना धूर कमी करायचा नसतो किंवा जमत नाही. मग ते पैसे देतात की आमच्या बदल्यात दुसऱ्या कोणीतरी कमी करावा. तो दुसरा म्हणजे आपण. आपल्या चुलीचा जेवढा धूर वाचेल तेवढा त्यांना विकायचा.

मी म्हणालो, "म्हणजे धूर त्यायना, आनि खोकला बंद करानं आम्हीन?"

तो म्हणाला, "आबा, तुम्ही फार सोपं करून सांगता."

अक्का मात्र भुलली, आणि ती मूर्ख होती म्हणून नाही. धुराने डोळे चुरचुरतात हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. जन्मभर फुंकणी धरलेली बाई. कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या काड्या, ओल्या असल्या की घर नुसतं भरून जायचं. गॅसची टाकी होती, पण ती चहाला आणि पाहुण्याला. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. कमी धुराची चूल खरंच मिळत असेल तर ती तिला पाहिजेच होती. गरज खरी होती. खऱ्या गरजेचाच हे लोक धंदा करतात, याची मला जास्त किळस येते.

लोखंडी डबा असावा तशी ती चूल. आत भट्टीसारखं अस्तर. अक्काने गावात वाटायला घेतल्या तर बायका घेईनात. कारण आमच्याकडे एका घरात दोन चुली ठेवत नाहीत. दुसरी चूल मांडली म्हणजे भाऊ-भाऊ वेगळे निघाले, नाहीतर मुलगा-सून वेगळे झाले, असाच त्याचा अर्थ. एक म्हातारी तर भडकली, "एक घरमा दोन चुल्हा कसाले? मना पोऱ्या काय येगया निंघना का?" जॅकेटवाल्याला हे काही समजेना. तो म्हणाला, दोन्ही वापरा, काय बिघडतं? बायका त्याच्याकडे बघतच राहिल्या.

तोड अक्काने काढली. जुनी चूल रीतीने मोडायची. तिला हळद-कुंकू वाहायचं, नमस्कार करायचा, म्हणायचं माय, तू खूप केलंस, आता बस. मग फोडून माती तुळशीपाशी टाकायची आणि नवीन चूल त्याच जागी मांडायची. मग घरात चूल एकच राहते. कुणाला दोष लागत नाही. पहिली स्वतःच्या घरातली फोडली, तिच्या सासूने, म्हणजे माझ्या आईने घातलेली. मग घरोघर गेली. बायका रडल्या, पण फोडल्या. अक्काने शब्द दिला होता ना. "मी शब्द देस. भाकर बी व्हई, पोळी बी व्हई."

जॅकेटवाला तर उड्याच मारायला लागला. त्याने मोबाईल काढून फोडणाऱ्या बायकांचे फोटो घेतले. "अक्का, तुम्ही तर कमालच केली! आम्हाला हेच सिद्ध करायचं असतं!" म्हणजे जुनी चूल राहिली नाही हे. आम्ही आमच्या घरात भांडण नको म्हणून केलं आणि त्याला ते विकायला मिळालं. नंतर आजूबाजूच्या गावांत त्याने तो नियमच करून टाकला, आधी फोडा मग घ्या. अक्काचा तो फोटो तेव्हाचाच. हातात हातोडी, डोळ्यात पाणी, आणि तोंडावर पदर नाही. आयुष्यात एकदाच तिचे दात फोटोत आले.

सगळ्यात शेवटी कमल तयार झाली. कमलची चूल तिच्या मेलेल्या सासूच्या हातची. ती म्हणत होती, अक्का, माझी राहू दे. अक्का तिच्याकडे रोज विस्तव मागायला जायची, दोघींचं बहिणीसारखं. अक्का म्हणाली, "मनावर इसवास नही का तुना?" मग कमलने स्वतःच्या हाताने फोडली.

आणि आखाजी आली.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा मोठी. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरोघर खापरावरच्या पुरणपोळ्या होतात. खापर म्हणजे मातीची मोठी परात असावी तसं, चुलीवर पालथं घालायचं, खाली जाळ पेटवायचा आणि त्यावर हातभर पोळी टाकायची. त्या लोखंडी डब्याचं तोंड एवढंसं. त्यावर खापर बसत नाही आणि बसवलं तर जाळ कडेपर्यंत पोचत नाही. हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. अक्काच्याही नाही. होळीनंतर चुली फोडल्या, महिनाभर भाकरी कशाबशा भाजल्या, लाकडं बोटाएवढी बारीक तोडून तोडून बायका कावल्या होत्या, पण खापराची आठवण आखाजीलाच झाली.

काही बायकांनी अंगणात तीन विटा मांडून वेळ मारून नेली. कमलची मुलगी लग्नानंतर पहिल्यांदा आखाजीला आली होती, जावई बरोबर. कमलने विटा मांडल्या नाहीत. अक्काचा शब्द होता. तिने त्या नव्या चुलीवर खापर चढवलं. पहिलीच पोळी टाकताना चूल कलंडली. खापर फुटलं, जाळ सगळा बाहेर आला, मुलीच्या पायावर निखारे पडले. पाय बरा झाला, पण पहिली आखाजी गेली ती गेलीच. जावयाला पिठलं-भात वाढला.

दुपारी कमल आमच्या ओट्यावर आली. हातात खापराचा तुकडा. तो अक्कासमोर ठेवला.

"हाई घे अक्का. तुना शब्द."

अक्काने तुकडा उचलून मांडीवर घेतला. कमलला ते आणखी लागलं असावं. जाता जाता म्हणाली, "जिना घरमा पाळना हालना नही, तिले दुसरास्ना चुल्हानी काय किंमत?"

मी उठलो होतो. अक्काने माझा हात धरून बसवलं. त्या दिवसापासून कमलचं दार बंद. अक्का विस्तव मागायला दुसऱ्या घरी जायला लागली, आणि कमलच्या घरावरून जाताना मान खाली घालायची. तुकडा तिने फेकला नाही. देव्हाऱ्याखाली ठेवला. मी टाकून दे म्हटलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मना शे तो."

मला वाटलं, जॅकेटवाल्याला सांगितलं की चुली परत नेतील. आम्ही किती भोळे! चूल वापरतात की नाही याच्याशी त्यांचा काय संबंध? थंडीत तपासणीला पाहुणे येणार असं कळलं. आधल्या दिवशी जॅकेटवाला गावात फिरला. चुली बाहेर काढा, पुसा, पेटवा, उद्यापुरतं. त्या कुठे होत्या? कोणाच्या खुराड्यात, कोणाच्या न्हाणीत पाट ठेवायला. एकीने तुळस लावली होती. अक्काच्या कानाशी येऊन म्हणाला, "अक्का, तुमचा फोटो तिकडे कंपनीच्या पानावर लागलाय. तुम्ही फक्त हसा. बाकी मी बघतो."

"आपन काय चोर शेतस का?" ती म्हणाली. चार घरं ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी एक गोरा माणूस आला, बरोबर एक दुभाष्या. गोरा माणूस मला वाईट वाटला नाही, बिचारा उन्हाने लाल झाला होता. अक्का त्याला हात धरून आमच्या खुराड्याकडे घेऊन गेली. चुलीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. अक्का तिथे उभी राहून बोलली. मी तिला एवढं बोलताना कधी ऐकलं नाही. "साहेब, हाई चुल्हावर खापर टिकस नही. गावना चुल्हा मी फोडाले लावात. आते बाया विटास्वर रांधतीस. धूर पहिलेपेक्षा जास्त व्हस. तुमीन जे लिखेल शे ते खोडी टाका. आनि मना फोटो काढी टाका."

दुभाष्याने ऐकून घेतलं आणि पाहुण्याला दोनच शब्द सांगितले. पाहुणा हसला, हात जोडले, "नमस्ते" म्हणाला.

मी जॅकेटवाल्याला विचारलं, "काय सांगं त्यानी?"

"सांगितलं की अक्का तुमचे आभार मानतात."

त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. खरंच सांगतो. थुंकलो नाही याचं आजही वाईट वाटतं.

मग तो तिची समजूत घालायला लागला. "अक्का, मनाला लावून घेऊ नका. तुमच्याच गावात असं नाही. आफ्रिकेत, बांगलादेशात, सगळीकडे चुली वाटल्यात. सगळीकडे थोडंफार हेच होतं."

अक्का म्हणाली, "मंग तठेबी बाया विटास्वर रांधतीस का?"

तो घड्याळ बघायला लागला.

मला तो प्रश्न अजून सुटत नाही. मी आफ्रिका पाहिली नाही. पण तिथेही एखादी अक्का असेल, तिनेही शब्द दिला असेल, आणि तिच्याही बोलण्याचे कोणीतरी दोन शब्द केले असतील. एवढा मोठा व्यापार, आणि सगळा बायकांच्या शब्दावर उभा. विकणाऱ्याने काही दिलं नाही, घेणाऱ्याने काही पाहिलं नाही. विमान उडालं ते उडालंच.

फोटोखालचा मजकूर आम्हाला नंतर सुनीलने वाचून दाखवला. सुनील माझा पुतण्या, जळगावला एका कॉलेजात कारकून आहे. मोबाईलमध्ये पाहून तो इंग्रजीचं मराठी करत गेला. या बाईंचं नाव लक्ष्मी. धुरामुळे त्यांना वर्षानुवर्षं खोकला होता. आता नव्या चुलीमुळे खोकला गेला, वेळ वाचतो, त्या वेळात त्या शिवणकाम करतात. त्यांची दोन मुलं आता चांगली शिकताहेत.

अक्का आधी हसली. "मी कवय खोकलनी?" मग सुनीलच्या हातातून मोबाईल घेतला आणि त्या अक्षरांकडे बघत बसली. तिला वाचता येत नव्हतं, तरी बघत बसली.

"दोन पोरं बी दिन्हात माले," म्हणाली.

पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी मला नाल्यावर पाठवलं, माती आणायला.

तिने ठरवलं होतं, जेवढ्या चुली तिच्या शब्दावर फुटल्या तेवढ्या ती परत घालून देणार. कोणी म्हटलं नव्हतं. मी तर म्हटलं की वेडी आहेस का, आपले गुडघे बघ. ती म्हणाली, "तुम्हना पाय शेतस ना." तेव्हापासून मी माती तुडवतोय. ती एकेका घरात जायची, जमिनीवर बसून चूल घालायची, आणि एक नवीन पद्धत तिने सुरू केली. चूल ओली असतानाच घरातलं खापर मागायची आणि ते वर पालथं घालून बघायची. नीट बसलं तरच चुलीच्या वरचे उंचवटे पक्के करायची. जिथे खापर नव्हतं तिथे आमच्याकडचं न्यायची. खापर बघितल्याशिवाय तिने नंतर एक चूल घातली नाही. बायकांनी तिला चहा दिला, गुळाचा खडा दिला, कोणी टोमणाही मारला. "अक्का, आते ही बी फोडशी का?" ती म्हणायची, "हा, पन यावेळे तुन्या डोक्यावर."

ती अशी एका घरात चूल घालत असताना जॅकेटवाला पुन्हा आला. कंपनी नवी, जॅकेटही नवं. आता पऱ्हाट्या हव्या होत्या. कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीत जाळू नका, शेतात पेटवू नका, आम्ही खड्ड्यात त्यांचा कोळसा करतो, तो शेतात पुरायचा, म्हणजे धूर जमिनीत राहतो. तोही तिकडे विकला जातो म्हणे. म्हणजे चुलीत जाळली तर पाप आणि खड्ड्यात जाळली तर पुण्य. आधी झाडं झाली, मग चूल झाली, आता राख पुरायला निघाले. पुढच्या वेळी आमचा श्वास मोजायला येतील. तो अक्काला म्हणाला, "तुमच्याशिवाय गाव ऐकत नाही. तुम्ही पुढे व्हा."

अक्काचे हात कोपरापर्यंत मातीत. वर न बघता तिने विचारलं, "मना तो फोटो काढी टाका का?"

"तो आता तिकडचा झाला, अक्का. माझ्या हातात नाही. आणि फोटो किती छान आलाय तुमचा!"

"तुना घरमा चुल्हा शे का?"

"नाही, गॅस आहे."

"मंग तठे तुन्या बायकोना फोटो लाव."

तो लाल झाला. पुन्हा आमच्या गल्लीत आला नाही. पलीकडच्या गावात खड्डे खणलेत, ऐकतो.

सगळ्या चुली झाल्या, एक सोडून. कमल अंगणात विटांवरच रांधत राहिली, पावसाळ्यात सुद्धा, वर पत्रा धरून. अक्का दोनदा गेली. कमलने दार उघडलं नाही. मी म्हणालो, आपली फेड झाली आता, सोड. ती म्हणाली, "तोच एक चुल्हा शे. बाकी बठ्ठा मी तिनासाठीच शिकनी." मला वाटतं हे खरं होतं.

आणि तिच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी कमल स्वतः आली. ओट्याखाली उभी राहिली, वर आली नाही. लुगड्याच्या पदराशी चाळा करत म्हणाली, "अक्का, विटास्वर भागस नही आते. ये परवा." बस, एवढंच. पाळण्याचं कोणी काढलं नाही. कमल गेल्यावर अक्काने देव्हाऱ्याखालचा तो तुकडा काढला आणि कुटून बारीक केला. तोही मातीत घातला. म्हणूनच सकाळी एवढी खूश होती. पाणी जास्त झालं म्हणून मला बोलत होती, पण खूश होती.

तिला नेऊन आल्यावर सुनील आणि भाऊबंद घरी थांबले. रीतीप्रमाणे आमची चूल थंड. शेजाऱ्यांनी भाकरी आणली, मी थोडी खाल्ली.

सकाळी उजाडल्यावर मी अंगणात आलो. गोणपाट कालसारखंच होतं, कडेने सुकत आलेलं. उचललं तर मातीवर तिचे दोन्ही पंजे उमटलेले, थोपटलेले. बोटंसुद्धा दिसत होती. सुनील मागून आला, म्हणाला, "आबा, राहू द्या, मी फोटो काढतो."

"फोटो नको," मी म्हणालो. "फोटो बहुत व्हयनात तिना."

मी पाणी शिंपडलं आणि माती तुडवायला लागलो. पंजे गेले. ती माती ठेवण्यासाठी नव्हती, चुलीसाठी होती. कमी पाणी घातलं, तिने सांगितलं तसं. मग पाटी भरून डोक्यावर घेतली. सुनील म्हणाला, आबा, सुतकात कोणाच्या घरी जाता? मी चालू लागलो.

कमलचं दार उघडं होतं. ती आतल्या भिंतीला टेकून बसली होती, रडून डोळे सुजलेले. मला बघून उठली.

"आबा, तुम्हले सूतक शे ना."

"शे. मी उंबरा वलांडत नही. पन माटी वाळी जाई."

मी उंबऱ्याबाहेर बसलो आणि पाटी खाली ठेवली. तिने पदर खोचला, आतून नवं कोरं खापर आणलं, आखाजीनंतर घेतलेलं, कधी चुलीवर न चढलेलं. ते जवळ ठेवून ती जमिनीवर बसली, जुन्या चुलीच्या जागी, तिथे अजून काळा डाग होता.

"मना हातथीन नीट नही होवाऊ," ती म्हणाली. "खापर बसी का आबा?"

"बसी," मी म्हणालो. "अक्काना शब्द शे."

आणि मी उंबऱ्याबाहेरून एक एक गोळा आत सरकवायला लागलो.